पिंजऱ्यातील श्वास : गिनीपिगच्या चिवट श्वसनविकारांची कारणे व उपाय

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून माहुल हे गाव वसले आहे. मूळची ही कोळ्यांची वस्ती. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या येथील चिखलात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. याच परिसरात १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांच्या मागोमाग औष्णिक वीजकेंद्र, खत कारखाना आणि रासायनिक द्रव्यांच्या साठवणुकीच्या टाक्या आल्या. २०१३ साली केईएम रुग्णालयाने माहुल व आंबापाडा येथे केलेल्या पाहणीत धाप लागणे, छातीत कोंडल्यासारखे होणे आणि डोळ्यांची जळजळ या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका संभवतो, असा निष्कर्ष राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदविला. पुढे तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हलविलेली अनेक कुटुंबे येथील इमारतींत राहावयास आली आणि माहुलच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला.

ज्या ठिकाणी माणसांच्याच श्वासाची एवढी चिंता आहे, तेथे गिनीपिगसारख्या लहानशा प्राण्याच्या श्वासाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साधे आहे. मांजर बाहेर फिरून येते, कुत्रा दिवसातून दोनदा मोकळ्या हवेत जातो. पिंजऱ्यातील गिनीपिग मात्र चोवीस तास घरातलीच हवा घेतो, आणि तीही जमिनीपासून जेमतेम दोनचार बोटांवरची. त्याच खोलीत त्याच्यावर जीव लावणारे मूल निजलेले असते. म्हणून या प्राण्याचा श्वास का बिघडला, याचा जो नीट शोध घेईल, त्याच्या हाती घराच्या हवेविषयीची बरीच माहिती आपोआप लागेल.

मुंबईतील एक जुना दाखला

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातला, उंदीर-घुशींच्या कृंतक वर्गातील प्राणी होय. तेथील लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. आपल्याकडे त्याची पहिली ओळख झाली ती मात्र प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून, आणि त्यात मुंबईचा वाटा लहान नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. रोग घरातल्या हवेतून पसरतो, जमिनीतून पसरतो की आणखी कशातून, याविषयी तेव्हा मतभेद होते. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन संस्था या नावाने प्रसिद्ध झालेल्या वास्तूत, प्लेग संशोधन आयोगाने यावर पद्धतशीर प्रयोग केले. प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवण्यात आले. काहींच्या पिंजऱ्यांना पिसवा शिरणार नाहीत अशी बारीक जाळी होती, काहींच्या पिंजऱ्यांना नव्हती. दोहोंना हवा तीच मिळत होती. परंतु जाळीआडचे प्राणी सुखरूप राहिले आणि उघड्या पिंजऱ्यांतील काही प्राणी प्लेगने मेले. प्लेगचा दोष हवेचा नसून उंदरांवरील पिसवांचा आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

याच्या उलट निष्कर्षही याच प्राण्याने दिला आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोर येथे एका रुग्णालयातील क्षयरोग्यांच्या खोल्यांमधील हवा नळांवाटे गिनीपिगच्या पिंजऱ्यांकडे नेण्यात आली. ती हवा श्वासावाटे घेणाऱ्या प्राण्यांना क्षय झाला. जंबुपार किरणांतून गेलेली हवा मिळालेले प्राणी वाचले. क्षयरोग हवेतून पसरतो, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

या दोन्ही प्रयोगांतील पद्धत घरगुती गिनीपिगच्या बाबतीतही उपयोगी पडते. आजारी प्राण्याभोवतालच्या गोष्टी एकेक करून वेगळ्या पाडावयाच्या, एकेक बदलावयाची आणि काय फरक पडतो ते पाहावयाचे. चिवट श्वसनविकाराच्या बाबतीत औषधाइतकेच महत्त्व या शोधाला आहे.

लक्षणे कशी ओळखावीत

गिनीपिग हे निसर्गतः भक्ष्य होणारे प्राणी असल्याने आजार लपविण्याची त्यांची प्रवृत्ती असते. मालकाच्या लक्षात येईपर्यंत विकार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून काही साध्या गोष्टींकडे नित्य लक्ष द्यावे.

निरोगी गिनीपिगचा श्वास नाकावाटे व निःशब्द चालतो. तो शांत बसलेला असताना कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. मिनिटाला साधारणतः ४० ते १०० श्वास ही सर्वसामान्य मर्यादा मानतात. परंतु प्रत्येक प्राण्याची स्वतःची सरासरी वेगळी असते आणि तो बरा असताना ती नोंदवून ठेवणे अधिक उपयुक्त असते. दर आठवड्यास स्वयंपाकघरातील तराजूवर त्याचे वजन करावे. खाणे कमी झाल्याचे डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते वजनात दिसते. वजन दशांशाने घटले, तर ती गंभीर बाब समजावी.

वारंवार शिंकणे, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, नाक पुसल्याने पुढच्या पायांचे केस चिकटणे, छातीतून खरखर किंवा टकटक असा आवाज, केस पिंजारून कोपऱ्यात बसून राहणे ही विकाराची लक्षणे होत. तोंड उघडून श्वास घेणे, मान ताणून धरणे, ओठ निळसर दिसणे किंवा खाणे पूर्ण थांबणे यांपैकी एक जरी गोष्ट आढळली, तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. हा प्राणी नाकानेच श्वास घेणारा असल्याने त्याने तोंड उघडले, याचा अर्थ त्याची शक्ती संपत आली आहे, असा समजावा.

विकार का रेंगाळतो

औषध दिले, आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा खरखर सुरू झाली, अशी तक्रार पुष्कळ मालक करतात. यामागे सामान्यतः पुढील कारणे असतात.

पहिले कारण अपुऱ्या उपचारांचे. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका आणि स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए हे जिवाणू गिनीपिगमधील फुप्फुसदाहाचे प्रमुख कारण आहेत. लक्षणे कमी होताच औषध थांबविल्यास जिवाणू शिल्लक राहतात. शिवाय बोर्डेटेला ससे व कुत्रे यांच्या नाकाघशात, त्यांना फारसा त्रास न देता, वास्तव्य करू शकतो. ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. अशा घरात गिनीपिग बरा होतो आणि शेजाऱ्याकडून पुन्हा संसर्ग घेतो.

दुसरे कारण पिंजऱ्यातच असते. मूत्रातील युरियावर जिवाणूंची क्रिया होऊन अमोनिया वायू तयार होतो. उष्ण व दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. मुंबईचा पावसाळा तिला फारच अनुकूल. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म लवेचे अस्तर धूळ व जंतू बाहेर लोटण्याचे काम करते. अमोनिया ते अस्तर दुबळे करतो आणि एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही फुप्फुसात उतरतात. उभ्या माणसाच्या नाकाला वास येऊ लागला, तर तळाशी बसलेल्या प्राण्याच्या नाकाशी तो वायू कितीतरी दाट असतो, हे ध्यानात ठेवावे. चहूबाजूंनी बंद असलेल्या काचेच्या पेटीत तर तो साचूनच राहतो.

तिसरे कारण अंथरुणाचे. सुतारखान्यातील भुसा स्वस्त मिळतो म्हणून तो वापरला जातो. त्यात बारीक धूळ असते. आणि देवदार, चीड यांसारख्या सुवासिक लाकडांतील उडून जाणारी तेले श्वसनमार्गास बाधक असतात. धुळकट किंवा बुरशी आलेले वाळके गवतही तितकेच अपायकारक. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती, उदबत्ती, धूप, विडी-सिगारेटचा किंवा फोडणीचा धूर असल्यास त्रासात भरच पडते.

चौथे कारण आहाराचे. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या दोघा शास्त्रज्ञांनी १९०७ साली गिनीपिगमध्ये स्कर्व्ही हा रोग उत्पन्न करून दाखविला, आणि त्यातूनच पुढे या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट खुली झाली. निरोगी प्राण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. आजारी किंवा गाभण प्राण्यास याहून अधिक. ते न मिळाल्यास दोनतीन आठवड्यांत सांधे दुखू लागतात, हिरड्या बिघडतात आणि रोगप्रतिकारशक्ती ढासळते. अशा प्राण्याचा फुप्फुसदाह केवळ औषधाने बरा होत नाही.

पाचवे कारण असे की, दुखणे मुळात फुप्फुसाच्या संसर्गाचे नसतेच. हृदयविकारात फुप्फुसात पाणी साचून धाप लागते. तीन वर्षांहून मोठ्या प्राण्यांत फुप्फुसातील गाठी आढळतात. दातांच्या मुळांचा विकार नाकापर्यंत पोहोचतो. पोट फुगल्यास श्वास कोंडतो. उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर तापमान गेले आणि हवा दमट असली, तर केवळ उष्माघातानेही प्राणी धापा टाकतो. या सर्वांना जंतुनाशक औषध देत राहणे म्हणजे वेळ दवडणे होय. म्हणून दोन आठवड्यांच्या योग्य उपचारानंतरही त्रास टिकला, तर छातीची क्ष-किरण तपासणी, नाकातील स्रावाची जंतुपरीक्षा आणि आवश्यक तर हृदयाची तपासणी करून घेण्याविषयी पशुवैद्यांशी बोलावे.

औषधांबाबत विशेष सावधगिरी

येथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक आहे. घरातील मुलांसाठी आणलेले उरलेले औषध गिनीपिगला कधीही देऊ नये. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही माणसांच्या नित्य वापरातील प्रतिजैविके या प्राण्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करतात. त्यांच्या जागी विषारी जिवाणू वाढून काही दिवसांतच प्राणी दगावू शकतो. गिनीपिगला चालणारी प्रतिजैविके वेगळी आहेत. त्यांची निवड, मात्रा व मुदत ठरविण्याचे काम पशुवैद्याचेच. प्राणी दाखविताना तो गिनीपिग आहे, त्याचे वजन अमुक आहे आणि यापूर्वी अमुक औषधे दिली, हे स्पष्टपणे सांगावे. ठरवून दिलेली मुदत लक्षणे गेल्यावरही पुरी करावी.

उपचार चालू असताना खाणे थांबू देता कामा नये. गिनीपिगचे आतडे सतत चालते राहावे लागते. दिवसभराचा उपास त्याला घातक ठरू शकतो. तो स्वतः खात नसेल, तर गिनीपिगच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यांचा लगदा बिनसुईच्या पिचकारीने, गालाच्या बाजूने, थोडा थोडा भरवावा. घाईने भरविलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन नवे संकट ओढवते. धाप फार असेल, तेव्हा आधी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची आहे. प्राणी नेताना सकाळची किंवा संध्याकाळची वेळ निवडावी. हवा खेळेल अशी टोपली, खाली जाड कापड आणि सोबत थोडे गवत एवढी तयारी पुरेशी आहे.

घरात करावयाची व्यवस्था

पिंजरा तारेचा, वरून व बाजूंनी हवा खेळेल असा, परंतु तळ सपाट असलेला असावा. तो जमिनीपासून हातभर उंचीवर, स्वयंपाकाच्या ओट्यापासून व उन्हापासून दूर ठेवावा. पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. लाकडाच्या भुशाऐवजी सुती कापडाच्या घड्या किंवा कागदाच्या पट्ट्या वापराव्यात. ओला भाग रोज काढावा आणि संपूर्ण अंथरूण आठवड्यातून किमान दोनदा बदलावे. पावसाळ्यात याहूनही अधिक वेळा. पिंजरा धुतल्यानंतर तो पूर्ण वाळल्यावरच प्राणी आत सोडावा. जंतुनाशक द्रव्याचा वासही त्याला बाधतो.

आहाराचा मुख्य भाग गवताचा असावा. स्वच्छ धुतलेली हरळी, कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा, पेरूची लहानशी फोड, आवळ्याचा किंचित तुकडा हे पदार्थ आपल्या मंडईत सहज मिळतात आणि त्यांतून क जीवनसत्त्व पुरेसे मिळू शकते. हे जीवनसत्त्व पाण्यात घालून देण्याची पद्धत सोडून द्यावी. पाण्यात ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. तयार खाद्याच्या गोळ्यांतील क जीवनसत्त्वही साठवणीत घटत जाते. म्हणून नुकतेच तयार झालेले खाद्य, थोडथोडेच आणावे.

नवा गिनीपिग घरात आणल्यास दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. सशाचे बिऱ्हाड स्वतंत्र असावे. प्राणी विकणाऱ्या दुकानांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे २०१८ च्या नियमांनुसार आवश्यक ठरविलेले आहे. अशा नोंदणीकृत दुकानातूनच, तेथील पिंजऱ्यांची स्वच्छता पाहून, प्राणी घ्यावा.

माहुलसारख्या वस्तीत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाने हे सर्व केले आणि तरीही प्राण्याची खरखर थांबली नाही, तर काय करावे?

बाहेर उग्र वास जाणवेल, त्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या लावून पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, वास ओसरल्यावर खिडक्या पुन्हा उघडाव्यात. खिडक्या कायम बंद ठेवणे हा उपाय नव्हे. त्यामुळे बाहेरची हवा थोडी अडते, पण आतला अमोनिया व दमटपणा वाढतो. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे नोंदवही ठेवणे. तारीख, वेळ, प्राण्याचा श्वास, वजन, अंथरूण कधी बदलले, घरात धूर होता काय, बाहेर वास होता काय, आणि घरातील माणसांना त्या दिवशी खोकला किंवा डोळ्यांची आग जाणवली काय, एवढे रकाने पुरेत. महिनाभरात या नोंदी बोलू लागतात. त्रास अंथरूण बदलल्यावर कमी होत असेल, तर दोष पिंजऱ्यात आहे. उदबत्तीच्या वेळी वाढत असेल, तर तो देव्हाऱ्याजवळ आहे. पिंजरा स्वच्छ, घर धूरमुक्त, प्राणी तपासलेला, आणि तरीही बाहेरच्या वासाच्या दिवशी माणसे व प्राणी दोघेही बेजार होत असतील, तर त्या नोंदी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे तक्रारीसोबत द्याव्यात. नुसता ‘वास येतो’ या तक्रारीपेक्षा तारीखवार नोंदीचे मोल अधिक असते.

येथे दोन्ही बाजूंनी संयम हवा. एका आजारी गिनीपिगवरून परिसराची हवा दूषित असल्याचे सिद्ध होत नाही. तसे म्हणावयाचे, तर प्रथम पिंजऱ्याची शंका दूर केली पाहिजे. त्याचप्रमाणे, हवा येथे अशीच असायची, असे म्हणून प्राण्याचे किंवा मुलाचे दुखणे अंगवळणी पाडून घेणेही योग्य नव्हे. हवेतील कारखानी द्रव्ये हटविणे एका कुटुंबाच्या हातात नाही. ते काम नियंत्रण यंत्रणांचे आहे, आणि माहुलच्या रहिवाशांनी ते वर्षानुवर्षे सनदशीर मार्गाने मागितले आहे.

शाळा आणि पंचायतींसाठी

शाळेत गिनीपिग पाळलेला असेल, तर शिक्षकांनी ही नोंदवही विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावी. श्वास मोजणे, वजन करणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणे, यांतून शास्त्रीय पद्धतीचा जो परिचय होईल, तो पाठ्यपुस्तकाला पूरक ठरेल. प्राणी हाताळल्यावर हात धुण्याची सवय लागेल. आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना पिंजरा साफ करण्याचे काम द्यावयाचे नाही, एवढे पथ्य सांभाळावे.

ग्रामीण भागातील पंचायत सदस्यांना हा विषय शहरी वाटेल. परंतु कोंबड्यांच्या बंदिस्त शेडमध्ये, पावसाळ्यातील शेळ्यांच्या गोठ्यात आणि वासरांच्या कोंदट कोपऱ्यात हाच अमोनिया साचतो आणि त्याच रीतीने फुप्फुसे दुबळी करतो. जनावर ज्या उंचीवर श्वास घेते, त्या उंचीपर्यंत वाकून एकदा वास घेऊन पाहावा. ही परीक्षा विनामूल्य आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणण्यापूर्वी गोठा कोरडा करणे, ही निम्मी चिकित्सा होय.

काही प्राणी सर्व प्रयत्नांनंतरही बरे होत नाहीत. वय झालेल्या किंवा हृदयविकार जडलेल्या गिनीपिगला औषधाच्या आधारे सुसह्य आयुष्य देणे आणि यातना असह्य झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला शांतपणे निरोप देणे, एवढेच हाती राहते. मुलांना हे खरे तेच सांगावे. मात्र त्याआधी त्याच्या भोवतालची हवा आपण शोधली होती, बदलता येईल तेवढी बदलली होती, असे त्या घराला म्हणता आले पाहिजे. कारण तो गेल्यावरही त्याच खोलीतली हवा त्या घरातील माणसांना घ्यावयाची असते.